छतावरची वीज आणि दुकानातला माल : डी.सी. आर्कचा धोका कसा ओळखावा?

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील छतांचे रूप बदलत चालले आहे. टिनाच्या आणि स्लॅबच्या छतांवर निळ्या-काळ्या सोलर पॅनेलच्या रांगा दिसू लागल्या आहेत. १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीत जाहीर झालेल्या 'पॉवरटेक्स इंडिया' योजनेत लहान यंत्रमागांना सौर ऊर्जेसाठी मदतीची तरतूद होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने घरांसाठी 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली आणि ३ किलोवॅट व त्यापुढील घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले. विजेच्या बिलाने त्रासलेल्या व्यापारी-कारागिरांना ही मोठीच सवलत आहे आणि तिचा फायदा जरूर घ्यावा.

परंतु फायद्याबरोबर एक नवी जबाबदारीही आली आहे. पांढरकवड्यासारख्या बाजारपेठेत पुष्कळ ठिकाणी खाली दुकान, मागे गोदाम आणि वर कुटुंब अशी वस्ती असते. खाली कपड्याचे गठ्ठे, गादीवाल्याकडे पिंजलेला कापूस, टेलरकडे कात्रणांचा ढीग. हा मुलूखच कपाशीचा. जिनिंगच्या आवारात रुईला लागलेली आग गाठीच्या पोटात तासन् तास कशी धुमसत राहते हे येथे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. अशा मालाच्या डोक्यावर आपण तीनशे-चारशे व्होल्टची तार नेतो, तेव्हा ती तार बिघडली तर कशी बिघडते आणि तो बिघाड कसा ओळखायचा, हे मालकाला माहीत असले पाहिजे.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, इंजिनिअर नाही. पण आपल्या छतावरच्या वस्तूची माहिती घेणे हे मालकाचे काम आहे. जाणकारांकडून व वाचनातून जे समजले, ते बाजाराच्या भाषेत येथे मांडत आहोत.

ए.सी. आणि डी.सी. मधील फरक

महावितरणच्या तारेतून येणारी वीज ए.सी. असते. तिचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा फेरा घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा शून्यावर येतो. म्हणजे एका सेकंदात शंभर वेळा ती वीज क्षणभर थांबते. बटण बंद करताना जी लहानशी ठिणगी उडते, ती अशाच एखाद्या शून्याच्या क्षणी आपोआप विझते.

सोलर पॅनेलमधून निघणारी वीज डी.सी. असते. ती एकाच दिशेने वाहते आणि सूर्य आहे तोवर शून्यावर येतच नाही. तिच्यात एकदा ठिणगी पेटली की तिला विझण्याची संधी मिळत नाही. इन्व्हर्टरपर्यंत ही वीज डी.सी. असते, इन्व्हर्टर तिची ए.सी. करून मीटरकडे पाठवतो. आजचा विषय छतापासून इन्व्हर्टरपर्यंतच्या या तारांचा आहे.

मोठी डी.सी. वीज महाराष्ट्राला नवी नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची रेल्वे धावली, ती १५०० व्होल्ट डी.सी.वर. पुढे सुमारे नव्वद वर्षे मुंबईच्या लोकल गाड्या डी.सी.वर चालल्या आणि २०१२ ते २०१६ या काळात त्यांचे मार्ग टप्प्याटप्प्याने पूर्णपणे ए.सी.वर आले. मंगलदास मार्केटच्या खरेदीसाठी मुंबईच्या फेऱ्या केलेल्या व्यापाऱ्यांनी रात्रीच्या लोकलच्या डोक्यावर निळा लख्ख उजेड पाहिलेला असेल. रेल्वेकडे त्या ठिणगीला ताणून, थंड करून तोडणारी खास यंत्रे आणि चोवीस तास देखरेख करणारे कर्मचारी होते. आपल्या छतावर यांपैकी काय आहे, हा प्रश्न प्रत्येक मालकाने स्वतःला विचारावा.

आर्क म्हणजे काय?

दोन तारांचा जोड ढिला झाला किंवा तार आतून तुटली की मध्ये केसाएवढी फट पडते. वीज ती फट ओलांडून उडी मारते. फटीतली हवा इतकी तापते की तीच तारेचे काम करू लागते. याला आर्क म्हणतात. मराठी शास्त्रीय पुस्तकांत यासाठी 'प्रज्योत' असा शब्द आहे. उर्दू माध्यमात शिकलेल्यांना 'कौस' हा शब्द आठवेल, म्हणजे धनुष्याची कमान. इंग्रजी 'आर्क'चा अर्थही तोच. आडव्या धरलेल्या दोन कोळशाच्या कांड्यांमध्ये पेटलेली ही ज्योत कमानीसारखी वर वाकलेली दिसली, म्हणून हे नाव पडले.

आर्क पाहायचा असेल तर वेल्डिंगचे दुकान आठवावे. वेल्डर वीस-तीस व्होल्टच्या आर्कने लोखंड वितळवतो. त्याच्या आर्कमध्ये आपल्या तारेपेक्षा पुष्कळ जास्त अँपिअर असतात हे खरे, पण आर्कचे तापमान दोन्हीकडे हजारो अंशांत जाते. कापूस तर चारशे अंशांच्या आसपासच पेट घेतो.

एम.सी.बी. का पडत नाही?

'आमच्याकडे एम.सी.बी. आहे, फ्यूज आहे, काही झाले तर वीज बंद होईल,' असे बहुतेक दुकानदार म्हणतात. येथेच खरी गफलत होते. थोडा हिशेब मांडू.

समजा छतावर ५५० वॅटची आठ पॅनेल एकामागे एक जोडली आहेत. भर उन्हात प्रत्येक पॅनेल सुमारे ४२ व्होल्ट आणि १३ अँपिअर देते. आठ पॅनेलचे व्होल्ट जोडले जातात, म्हणून एकूण ३३६ व्होल्ट. अँपिअर मात्र १३ च राहतात. या माळेला स्ट्रिंग म्हणतात.

आता एक जोड ढिला होऊन तेथे आर्क लागला. आर्कमध्ये ३० व्होल्ट खर्च झाले असे धरू. ३० गुणिले १३ म्हणजे ३९० वॅट. टेलरच्या हलक्या इस्त्रीची साधारण निम्मी ताकद झाली. इस्त्रीची उष्णता तिच्या सबंध तळावर पसरते. ही मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत एकवटते. जोडाचे प्लॅस्टिक वितळून खाली पडू लागते.

या वेळी तारेतला प्रवाह किती? १३ अँपिअर, किंवा त्याहून थोडा कमीच, कारण आर्क हा वाटेतला अडथळा आहे. एम.सी.बी. आणि फ्यूज प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला तरच तोडतात. येथे वाढ झालेलीच नाही, मग ते कशाला पडतील? शिवाय पॅनेलचा स्वभाव असा आहे की त्याच्या दोन तारा थेट एकमेकींना चिकटवल्या तरी १३ च्या जागी १४ अँपिअरच्या आसपासच मिळतात. महावितरणच्या तारेत शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर धावतात व एम.सी.बी. तत्काळ पडतो. सोलरमध्ये तसे होत नाही.

मीटरवरूनही हे कळत नाही. ३३६ पैकी ३० व्होल्ट गेले म्हणजे उत्पादनात नऊ टक्क्यांच्या आसपास घट झाली. एखादा ढग आला तरी याहून जास्त घट होते. म्हणून जोड जळत असताना मशीन चालू, दिवे चालू, एम.सी.बी. वर आणि गल्ल्यावर मालक निश्चिंत, असे होऊ शकते.

आर्कचा आवाज ऐकणारे यंत्र

प्रवाह वाढत नाही, मग आर्क ओळखायचा कसा? याचे उत्तर आवाजात आहे.

ब्रिटनमध्ये हर्था आयर्टन नावाच्या विदुषी होऊन गेल्या. वडील घड्याळाचे कारागीर होते, ते लवकर वारले आणि आईने शिवणकामावर घर चालवले. त्या काळी रस्त्यांवर डी.सी. आर्कचे दिवे असत व ते मधूनच फुसफुसत आणि लुकलुकत. ही फुसफुस का होते याचा आयर्टनबाईंनी शोध घेतला. हवेतला ऑक्सिजन तापलेल्या कोळशाच्या खळग्याशी पोचतो, त्याचा हा परिणाम असे त्यांनी दाखवले. १८९९ मध्ये लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे स्वतःचा निबंध वाचणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १९०२ साली त्यांचा आर्कवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आजची यंत्रे कानाला ऐकू येणारी फुसफुस ऐकत नाहीत. ती तारेतल्या प्रवाहाची खरखर ऐकतात. पॅनेलचा प्रवाह सुरळीत वाहतो. आर्क लागला की तो सारखा थरथरतो आणि त्यात सेकंदाला हजारो ते लाखो कंपने मिसळतात. जुन्या मीडियम वेव्ह रेडिओवर स्टेशन लावले असता शेजारी कोणी बटण दाबले की खर्र असा आवाज येई, तोच हा प्रकार. इन्व्हर्टरमध्ये तारेभोवती एक लहान कडे बसवलेले असते. ते ही खरखर पकडते, आतली चिप तिची तपासणी करते आणि आर्कची खूण पटली की इन्व्हर्टर प्रवाह घेणे थांबवतो. प्रवाह थांबताच जोडातला आर्क विझतो. या सोयीला आर्क फॉल्ट सर्किट इंटरप्टर, थोडक्यात ए.एफ.सी.आय. म्हणतात.

अमेरिकेच्या वीज नियमावलीत २०११ पासून इमारतीवरील ८० व्होल्ट किंवा अधिक डी.सी. सोलर संचाला असे संरक्षण आवश्यक करण्यात आले. तेथील चाचणीच्या मानकात यंत्राने अडीच सेकंदांच्या आत आर्क तोडावा अशी अपेक्षा आहे. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाने याच विषयावर आय.ई.सी. ६३०२७ हे मानक प्रसिद्ध केले. इन्व्हर्टर विकत घेताना हा आकडा लक्षात ठेवावा.

यंत्राची मर्यादा

यंत्र आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. आर्कचे प्रकार तीन आहेत.

पहिला, एकाच तारेतला ढिला जोड. ए.एफ.सी.आय. मुख्यतः यासाठीच बनवलेला असतो आणि बहुतेक दोष याच प्रकारात सुरू होतात.

दुसरा, प्लस आणि मायनस या दोन तारांमधला. दोन्ही तारांचे आवरण उंदराने कुरतडले किंवा टिनाच्या धारेने कापले तर हा होतो. येथे इन्व्हर्टर बंद झाला तरी आर्क विझत नाही, कारण पॅनेलना त्याच फटीतून वाट मिळालेली असते.

तिसरा, तार आणि लोखंडी स्टँड यांच्यातला. याची पूर्वसूचना बहुधा मिळते. पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर 'इन्सुलेशन' किंवा 'अर्थ फॉल्ट' असा इशारा देऊन चालू होण्यास नकार देतो. दुपारी ऊन पडून ओल सुकते, मशीन चालू होते आणि सगळे विसरतात. ही सूचना कधीही दुर्लक्षित करू नये. तार कोठेतरी सोलली गेली आहे, असा तिचा अर्थ असतो.

उलट बाजूही आहे. काही वेळा इन्व्हर्टरच्याच आतल्या खरखरीने यंत्र फसते आणि आर्क नसताना बंद पडते. तेव्हा 'हा सेन्सर त्रास देतो, बंद करून टाकू' असे सांगणारे भेटतात. आमच्या ओळखीच्या एका गादीवाल्यांना त्यांच्या बसवणाऱ्याने नेमके हेच सुचवले. त्यांनी ऐकले नाही, दुसरा जाणकार आणून एकेक जोड उघडायला लावला. एका जोडाची आतली पिन पूर्ण बसलेलीच नव्हती आणि प्लॅस्टिक तपकिरी पडले होते. इशारा खोटा ठरवण्याआधी सर्व जोड तपासलेच पाहिजेत.

मोठ्या दुकानांचा अनुभव

हे फक्त लहान गावात होते असे समजू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतील वॉलमार्ट या बलाढ्य दुकान-साखळीने टेस्ला कंपनीवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. सात दुकानांच्या छतांवरील सोलरला आगी लागल्या, जोडणी निष्काळजीपणे झाली व तपासणी नीट झाली नाही, असे वॉलमार्टचे म्हणणे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोघांत समझोता झाला. कोणाचे किती चुकले याचा निकाल त्यामुळे लागला नाही. पण ज्यांच्या दुकानांच्या छतावर करोडोंचे संच आहेत, त्यांनाही तक्रार करावी लागली ती जोडणीची आणि तपासणीची, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बसवून घेताना काय पाहावे?

१. इन्व्हर्टरमध्ये ए.एफ.सी.आय. आहे का आणि ते चालू केले आहे का? काही इन्व्हर्टरमध्ये सोय असते पण सेटिंगमध्ये बंद ठेवलेली असते. आपल्या समोर चालू करून घ्यावी व बिलावर तशी नोंद मागावी.

२. जोडाचे दोन्ही भाग, नर आणि मादी, एकाच कंपनीचे व एकाच मॉडेलचे असावेत. बाजारात 'सगळे एकमेकांत बसतात' असे सांगतात. बसतात खरे, पण आतल्या धातूच्या मापात बारीक फरक राहतो आणि काही उन्हाळे-पावसाळ्यांनंतर तो जोड तापू लागतो.

३. पिन तारेवर योग्य क्रिंपिंग टूलनेच दाबलेली असावी. पकडीने दाबलेली किंवा तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड मुळीच स्वीकारू नये.

४. तार डी.सी. सोलर केबलच असावी आणि स्विच व एम.सी.बी. डी.सी.चेच असावेत. घरगुती ए.सी.चा स्वस्त एम.सी.बी. लावला तर बंद करताना त्याच्या आतच आर्क धरू शकतो.

५. डी.सी. तार गोदामाच्या आतून, मालावरून नेऊ नये. बाहेरच्या भिंतीवरून पाइपातून न्यावी. बंद करण्याचा डी.सी. आयसोलेटर माल हलवल्याशिवाय हात पोचेल अशा ठिकाणी असावा.

६. तार टिनाच्या धारेवर टेकलेली नसावी आणि जोड छतावर लोळत नसावेत. आपल्याकडे मे महिन्यात टीन किती तापते ते सर्वांना ठाऊक आहे. माकडांच्या ओढाताणीचाही विचार करून तारा स्टँडला घट्ट बांधाव्यात.

मालकाने स्वतः काय तपासावे?

महिन्यातून एकदा छतावर चक्कर मारावी. हात न लावता फक्त पाहावे. तपकिरी किंवा काळा पडलेला जोड, फुगलेले प्लॅस्टिक, उंदराने कुरतडलेली तार, सुटलेली पट्टी दिसते का? जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो का? तारेजवळ चुर्र असा आवाज येतो का? इन्व्हर्टरच्या पडद्यावरील इशारे एका वहीत तारीख घालून लिहावेत. दोन स्ट्रिंग असतील तर एकाच वेळी दोन्हींचे व्होल्ट पाहावेत. सारख्या पॅनेलच्या सारख्या स्ट्रिंगमध्ये रोज एकच कमी दाखवत असेल तर कारण शोधावे.

वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्याच्या आधी, जाणकाराकडून उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी करवून घ्यावी. भर उन्हात संच चालू असताना ढिला जोड शेजारच्या जोडांपेक्षा गरम दिसतो. आर्क लागण्यापूर्वीच दोष पकडण्याचा हा चांगला उपाय आहे.

संशय आला तर

बंद करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम इन्व्हर्टरची ए.सी. बाजू बंद करावी, म्हणजे प्रवाह थांबतो. नंतर डी.सी. आयसोलेटर बंद करावा. चालू संचाचा जोड हाताने कधीही ओढून काढू नये. ओढताक्षणी हातातच आर्क लागतो. धूर दिसत असेल आणि स्विचपाशी जाणे सुरक्षित असेल तरच बंद करावे, नाहीतर सर्वांना बाहेर काढून १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे आणि छतावर सोलर आहे हे आवर्जून सांगावे. सर्व स्विच बंद केले तरी उजेड असेपर्यंत पॅनेल आणि त्यांच्या तारा जिवंतच असतात. म्हणून स्वतः पाण्याच्या बादल्या ओतू नयेत.

कारागिरांसाठी रोजीची वाट

या विषयात आपल्या तरुणांसाठी कामही आहे. संच बसवणारे पुष्कळ झाले आहेत. बसवलेला संच दरवर्षी तपासणारे कमी आहेत. आय.टी.आय.मधून वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेल्या मुलाने सोलरचे शिक्षण घेतले, चांगले क्रिंपिंग टूल, डी.सी. मीटर व उष्णतेचा कॅमेरा जवळ बाळगला, तर गावोगावी इमानदारीचा धंदा उभा राहू शकतो. सरकारचा 'सूर्यमित्र' प्रशिक्षण कार्यक्रम २०१५ मध्ये याच हेतूने सुरू झाला होता. शेतावरील सोलर पंपांनाही हेच जोड आणि हीच तार असते.

जोड मारणाऱ्याने एक गोष्ट मनात ठेवावी. त्याचे काम छतावर, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या ठिकाणी होते. पिन अर्धी बसली की पूर्ण, हे त्या वेळी त्याला आणि अल्लाहलाच माहीत असते. मापात कमी देणारा दुकानदार जसा जबाबदार आहे, तसाच अर्धा जोड मारून पूर्ण मजुरी घेणाराही जबाबदार आहे.

मालकांसाठीही दीनची शिकवण स्पष्ट आहे. रात्री झोपण्यापूर्वी दिवा विझवण्याची ताकीद हदीसमध्ये आली आहे. ऊंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुकानातला माल पुष्कळदा उधारीवर आणलेला असतो, टेलरकडचे कापड गिऱ्हाइकाचे असते, वर झोपलेली मुले तर अल्लाहची अमानत आहेत. ज्यांच्या छतावर सोलर आहे त्यांनी या आठवड्यात बसवणाऱ्याला फोन करून एवढे विचारावे : आमच्या इन्व्हर्टरमध्ये ए.एफ.सी.आय. आहे का, आणि ते चालू आहे का? उत्तर स्पष्ट मिळाले नाही तर दुसऱ्या जाणकाराला बोलावून संच दाखवावा.